‘माझी मैना’त माणूस कुठाय म्हणे!

बिबवेवाडीकर : शाहीर अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, गावाकडं राहिलेल्या बायकोच्या विरहाचं लावणीच्या ढंगाचं गाणं, म्हणजे चाल लावलेलं पत्रक, त्यात माणूस नाही, असं काल इथे वाचलं. डोकं फिरलं. आमचे आजोबा वाळव्याहून परळला गिरणीत, आजी गावी. भेट वर्षातून एकदा, जत्रेला. भाकऱ्या थापताना आजी ही छक्कड म्हणायची. ताटातुटीपाशी आली की गप्प. तव्यावरची भाकरी करपायची. आता विचारा, माणूस कुठाय!

पेठेतला_एक : ते मीच लिहिलंय. पुढच्या कडव्यातलं, महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव आजी म्हणायची का? नाही ना? मग झालं की! विरहात नकाशा कशाला?

लालभाई : १९४४ साली शाहीर अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलेला माणूस तो. संयुक्त महाराष्ट्रासाठी लिहिलंय, बारशाला नाही. मैना म्हणजेच तुटलेला मुलूख, एवढंही कळू नये?

धनकवडी_नाका : ते राहू द्या. १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, पुण्यात सारसबागेपाशी या. पुतळ्याला हार आणि डीजेवर भलतंच काहीतरी. अण्णाभाऊंचं एक कडवं कानावर पडलं तर शपथ. आईला बीपी आहे माझ्या.

लालभाई : आणि गणपतीत लक्ष्मी रोडला हरिपाठ चालतो वाटतं? नदीपात्रात आधीपासून ढोलांचा सराव, आमची तावदानं हादरतात. तेव्हा बीपी कुठं जातं?

पेठेतला_एक : ढोल-ताशा ही परंपरा आहे. डीजेशी तुलना नको.

लालभाई : परंपरा! कानात कापूस घालून वाजवतात तुमचे परंपरावाले!

धनकवडी_नाका : मी दोन्हींच्या विरुद्ध आहे. नीट वाचत जा आधी.

लालभाई : मग आठवण जयंतीलाच बरी झाली!

पेठेतला_एक : चढ्या आवाजात बोलू नका. असो. रात्री पुन्हा ऐकली. खाली आमचा वॉचमन, नांदेडचा, बायकोला फोनवर विचारत होता, “सिलिंडर आला का?” पंधरा मिनिटं तेवढंच. पहिल्या भागापुरती माघार घेतो. नकाशाबद्दलचं मत कायम.

बिबवेवाडीकर : उपकार झाले! आता आजीचंही सांगतो. पुढचं कडवं ती विसरली नव्हती, मुद्दाम गाळायची. म्हणायची, “मुंबई मिळाली म्हणून गावानं पेढं वाटलं. मला काय मिळालं? माझा माणूस तिथंच ऱ्हायला.”