मदत हवी आहे: आंब्याच्या फवारणीनंतर मुलाच्या चेहऱ्याला मुंग्या, उलटी

मुक्ताई
गुहागरजवळ एका बागेतल्या घरी मुक्कामाला आलोय. सकाळी शेजारच्या कलमांवर फवारणी चालली होती, मुलगा तिथेच खेळत होता. दुपारपासून गालांना आणि ओठांना मुंग्या येतायत, चुरचुरतंय म्हणतो. एक उलटी झाली. सासूबाईंना खोकला लागलाय. मालक म्हणतात काही होत नाही, आम्ही दरवर्षी मारतो. उद्या सकाळी निघायचंच आहे. तोवर थांबू की आत्ता चिपळूणला नेऊ? कृपया लवकर सांगा.

डॉ. सदाफुली
मुलाचं वय? औषध कोणतं? अंगावर तुषार उडाले का? कपडे बदलले का, अंघोळ घातली का? लाळ गळणं, खूप घाम, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक, छातीत घरघर, गुंगी, यातलं एक जरी दिसत असेल तर इथे उत्तराची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

वऱ्हाडी
घाबरू नका. गाईचं तूप घालून कोमट दूध द्या. आमच्याकडे कापसावर फवारणी झाली की रात्री सगळे हेच घेतात. नाहीतर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, विष बाहेर पडतं.

डॉ. सदाफुली
वऱ्हाडी, कृपया असं सांगू नका. उलटी मुद्दाम काढायची नाही. यातली बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावणात असतात, उलटीबरोबर ती फुप्फुसात गेली तर मूळ विषापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. तूप-दुधाने अंगावर पडलेलं औषध उतरत नाही. ते साबणाने आणि भरपूर साध्या पाण्याने धुवायचं असतं.

वऱ्हाडी
आमचे वडील आयुष्यभर फवारत आले, त्यांना तर काही झालं नाही.

कलमवाला
मोहोर कुठवर आलाय? बोंगे (मोहोराचे कोंब) फुटतायत की कणी (बारीक फळ) धरली? त्यावरून औषध सांगता येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोर येण्याआधी पालवीवर डेल्टामेथ्रीन, बोंगे फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रीन, पुढच्या फवारणीला इमिडाक्लोप्रीड. भुरीसाठी बुरशीनाशक त्यातच मिसळतात. तुडतुड्यावर, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या किडीवर, फवारलं नाही तर मोहोर काळा पडून गळतो, हे पर्यटकांनीही समजून घ्यावं.

रानवाट
समजून घ्यायचं कोणी? २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले. केरळात कासरगोडला एंडोसल्फान या कीटकनाशकाने पिढ्या बाधित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये बंदी घालावी लागली. आणि इथे लहान पोर फवारणीखाली खेळतंय!

कलमवाला
कासरगोडला काजूवर हेलिकॉप्टरने मारायचे. आम्ही एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने नळी धरून एकेक कलम भिजवतो. औषध वेगळं, पद्धत वेगळी. यवतमाळची माणसं दिवसभर पाठीवर पंप घेऊन उंच कपाशीत फिरत होती. प्रत्येक फवारणीला यवतमाळ म्हणू नका.

रानवाट
वीस-पंचवीस फुटांच्या कलमावर नळी मारली की वारा तुषार अंगणात आणणारच. पद्धत वेगळी असली तरी नाक तेच.

हापूसवेडा
मी फवारणीच्या भीतीने आंबे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवतो. आणि कार्बाईडवर पिकवलेले ओळखायचे असतील तर देठाजवळ वास घेऊन बघा.

मुक्ताई
आंबे कोणी विचारले? वय ६. कपडे बदललेत, गरम पाण्याने अंघोळ घातली तर जास्तच झोंबायला लागलं. लाळ, घाम नाही, बाहुल्या नेहमीसारख्या वाटतात. डबा मिळाला: लॅम्डा सायहॅलोथ्रीन ५%, पिवळा त्रिकोण. कलमवाल्यांचा अंदाज बरोबर. मग थांबू ना?

डॉ. सदाफुली
पिवळा म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा विषारी गट. लाल त्याहून वर, निळा आणि हिरवा खाली. हे औषध पायरेथ्रॉइड गटातलं, ते त्वचेतल्या मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून मुंग्या. गरम पाणी, ऊन, घाम यांनी त्या वाढतात. गार पाण्याने चेहरा धुवा, चोळू नका. नुसत्या मुंग्या असतील तर बहुधा २४ तासांत ओसरतात. पण लहान मूल आहे आणि उलटी झालीय, हात तोंडात गेला असेल. आज दाखवलेलं बरं. डब्याचा फोटो सोबत न्या, उपचार त्यावर ठरतात. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा दुसरा गट) असतं तर ॲट्रोपिन लागलं असतं, इथे ते औषध नव्हे. एम्स दिल्लीचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, तुमचे डॉक्टरही तिथे विचारू शकतात. आणि सासूबाईंचा खोकला कसा आहे? दमा वगैरे?

मुक्ताई
हो, दमा आहे. दम्याचा पंप (इनहेलर) घेतात. दुपारी दोनदा घ्यावा लागला.

डॉ. सदाफुली
मग आत्ताच निघा. मुलापेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते, दमेकऱ्यांचा श्वास या औषधाने आवळला जातो. पंप हाताशी ठेवा, काचा उघड्या ठेवा. भिजलेले कपडे पिशवीत बांधून वेगळे धुवा.

मुक्ताई
चिपळूणला पोहोचलो. सासूबाईंना वाफ दिली, रात्री ठेवून घेतायत. मुलाला तपासलं, छाती स्वच्छ आहे, झोपलाय. डबा बघितल्यावर डॉक्टरांनी लगेच पुढचं ठरवलं. सदाफुली, खूप आभार.

अनघा_ठाणे
आमचं दापोलीचं बुकिंग आहे, २६ जानेवारीला जोडून. रद्द करू का?

रानवाट
करा. मालकांना कळेल तरी.

कलमवाला
रद्द कशाला? मालकाला फोन करून विचारा, त्या दिवसांत फवारणी आहे का. आम्ही वारा पडलेला असताना सकाळी लवकर मारतो, पाहुणे असतील तर आदल्या दिवशी सांगतो आणि त्यांना समुद्रावर पाठवतो. पानं वाळेपर्यंत मुलांना कलमांखाली सोडू नका, अंगणातले वाळत घातलेले टॉवेल आधी आत घ्या. मालक नीट उत्तर देत नसेल तर दुसरीकडे जा.

अनघा_ठाणे
विचारलं. २४ ला फवारणी आहे म्हणाले. २६ ला चालेल?

कलमवाला
चालेल. खाली पडलेली कैरी मुलांना खाऊ देऊ नका.