न्यायमूर्तींच्या निवडणुकीत मत द्यावं, पैसेही द्यावेत का? (विस्कॉन्सिन राज्य, अमेरिका)

मिलवॉकीकर
परवा मंडळातल्या एका मित्राकडे जेवताना कडाक्याचा वाद झाला, म्हणून इथे विचारतोय. २०२३ आणि २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत मी माझ्या ऐपतीप्रमाणे देणगी दिली, असं मी सांगितलं. मित्र म्हणाला, "न्यायाधीशाला पैसे? याला आपल्याकडे काय म्हणतात ते माहीत आहे ना?"

इथे सातही न्यायमूर्ती मतदार निवडतात, दहा वर्षांसाठी, एप्रिलमध्ये. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, पण कोण कुठला ते सगळ्यांना माहीत असतं.

२०११ साली रिपब्लिकन विधिमंडळाने मतदारसंघ स्वतःच्या सोयीने आखले. २०१८ मध्ये राज्यपालपदासह राज्यभराच्या सगळ्या लढती डेमोक्रॅट्सनी जिंकल्या, तरी असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, त्यांना ९९ पैकी ३६ जागा. हे दुरुस्त कोण करणार? विधिमंडळ करणार नाही, त्यांच्या खुर्च्या त्यावरच उभ्या. सह्या गोळा करून थेट जनतेने कायदा करायची सोय काही राज्यांत आहे, विस्कॉन्सिनमध्ये नाही. आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी आखलेले नकाशे हा फेडरल न्यायालयांचा विषयच नाही. म्हणजे एकच दार उरलं होतं, राज्याचं न्यायालय.

जॅनेट प्रोटासेविट्झ या न्यायालयावर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. डिसेंबरमध्ये ४-३ ने जुने नकाशे रद्द झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्यांवर राज्यपालांची सही झाली. त्या नोव्हेंबरात असेंब्लीत ६४-३५ चं ५४-४५ झालं. बहुमत रिपब्लिकनांचंच राहिलं, हे मुद्दाम सांगतो. मला माझा पक्ष सत्तेवर बसवायचा नव्हता. माझ्या मताला वजन हवं होतं.

काळाकोट
मी मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करतो. तुमची तळमळ कळते, पण तुमच्या मित्राचं बरोबर आहे.

याच बाईंनी प्रचारात नकाशांना उघडपणे लबाडीचे म्हटलं. डेमोक्रॅटिक पक्षाकडून त्यांच्या प्रचाराला जवळजवळ एक कोटी डॉलर आले. मग नकाशांचाच खटला आला आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. आमच्याकडे पक्षकाराशी जुना संबंध निघाला तरी न्यायमूर्ती "नॉट बिफोर मी" म्हणतात आणि कागद दुसऱ्या कोर्टात जातात.

आणि निकालाचं कारण पाहा. मतदारसंघ सलग असला पाहिजे, तुटक बेटं चालणार नाहीत, असं राज्यघटनेत आहे म्हणून नकाशे रद्द. ते कलम काल लिहिलेलं नाही. तसली बेटं अनेक वर्षं खपवून घेतली गेली. कलम तेच राहिलं, बदलली ती एक खुर्ची. उद्या दुसरी बदलली की निकाल परत फिरेल. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावलं ते पद सोडायच्या तयारीने. त्यांना दहा वर्षांनी पुन्हा मतं मागायला दारोदार जायचं असतं, तर?

मिलवॉकीकर
@काळाकोट, रामशास्त्र्यांना नेमलं पेशव्यांनी. ते तसे निघाले हे आपलं भाग्य, ती काही व्यवस्था नव्हे. बाकी कलम स्पष्ट होतं आणि पाळलं जात नव्हतं, तर चूक पाळायला लावणाऱ्याची कशी?

आकडेमोड
३६ जागांचा आकडा जरा जपून वापरा. डेमोक्रॅट मतदार मिलवॉकी आणि मॅडिसनमध्ये दाटीने राहतात. कितीही प्रामाणिकपणे रेषा मारल्या तरी त्यांची मतं तिथे साचणारच. नकाशा वाकडा होता हे मान्य, पण सगळं अंतर नकाशाचं नाही.

मिलवॉकीकर
मान्य. पण ३५ वरून ४५ ही झेप एका निवडणुकीत लोकांनी घरं बदलून झालेली नाही.

काळाकोट
पैशांबद्दल कुणीच बोलत नाही. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक उमेदवार निवडून यावा म्हणून सुमारे ३० लाख डॉलर खर्चले. त्या कंपनीवर पाच कोटींच्या भरपाईचा निकाल होता. तो उमेदवार जिंकला आणि ३-२ ने निकाल फिरवणाऱ्या तिघांत बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्याने बाजूला व्हायला हवं होतं, तेही ५-४ ने. तुमच्याकडे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंचा मिळून खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. हे न्यायालय राहिलं का?

मिलवॉकीकर
इथे मात्र तुमच्याशी भांडता येत नाही. इलॉन मस्क आणि त्यांच्या संस्थांनी एका बाजूला दोन कोटींहून जास्त ओतले, माझ्या बाजूलाही अब्जाधीश होतेच. नुसती देणगी मिळाली म्हणून बाजूला व्हायची गरज नाही, असा नियम आमच्या न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःच करून ठेवलाय. तो बदलायला हवा आणि मी ज्यांना मत दिलं त्यांनीच बदलायला हवा. २०२५ मध्ये माझ्या बाजूच्या उमेदवार सुझन क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या तेव्हा मला आनंद झाला, पण त्या रात्री तो खर्च आठवून झोप लागली नाही.

तरीही मी देणगी थांबवली तर काय होईल? मस्क थांबणार नाहीत. फक्त माझ्यासारखे थांबतील.

नाशिकची
काळाकोट, आपल्याकडे तरी काय वेगळं? न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडतात, तेच ते कॉलेजियम. २०१५ मध्ये ती पद्धत बदलणारा कायदा सर्वोच्च न्यायालयानेच ४-१ ने रद्द केला. अमुक नाव का अडलं हे विचारायला सामान्य माणसाने जायचं कुठे?

काळाकोट
कॉलेजियमचे दोष मी रोज बघतो. पण माझ्या अशिलाविरुद्ध उभी असलेली कंपनी न्यायमूर्तींच्या प्रचाराला पैसे देऊन आली असेल, ही भीती मला वाटत नाही. ती किंमत मोजून मला पारदर्शकता नको.

ग्रीनकार्डवाली
मी मॅडिसनला असते. मला मत नाही. आम्ही यात पडावं की नाही?

मिलवॉकीकर
कायम निवासी म्हणून तुम्हाला देणगी देता येते, प्रचारात कामही करता येतं. पण पैसे राहू द्या. आधी तुमचा असेंब्लीचा मतदारसंघ कोणता ते बघा, २०२४ मध्ये बहुतेकांचे बदललेत. मग तिथल्या उमेदवाराला गाठून एकच विचारा: मतदारसंघ आखायचं काम विधिमंडळाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे द्यायला तुमची तयारी आहे का? काय उत्तर आलं ते इथे लिहा.