करांचा बोजा किती वाढला की व्यक्तीच्या हक्कांवर गदा येते?

कुतूहल:
नमस्कार. राज्याने कर घ्यावा की नाही, याविषयी माझा वाद नाही. परंतु कमाईचा निम्म्याहून अधिक वाटा करापोटी जात असेल, तर त्या माणसाच्या श्रमांवर खरा हक्क कोणाचा, हा प्रश्न मला पडला आहे. रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये असे मांडले की श्रमाच्या मिळकतीवरील कर सक्तीच्या मजुरीच्याच पंक्तीत बसतो, कारण काही तासांची कमाई काढून घेणे म्हणजे तितके तास दुसऱ्यासाठी राबवून घेणे होय. हे मान्य केले तर एक टक्का करही अन्यायाचा ठरतो. अमान्य केले तर शंभर टक्के कराला हरकत कशाच्या आधारे घ्यायची? मधली रेघ कोणत्या निकषावर ओढावी, यावर जाणकारांनी लिहावे.

साक्षेपी:
वेठबिगाराला काम नाकारता येत नाही आणि निवडताही येत नाही. करदात्याला या दोन्ही गोष्टी करता येतात. त्यामुळे नोझिकची तुलना मला ओढूनताणून केलेली वाटते. शिवाय दरावरून हक्कांचे मोजमाप करणे फसवे आहे. इंग्लंडमध्ये १६६२ साली चुलीवर कर बसवण्यात आला. तो दर चुलीमागे वर्षाला अवघा दोन शिलिंग होता, पण चुली मोजण्यासाठी अनोळखी माणसे घरात शिरत. १६८९ मध्ये हा कर रद्द करणाऱ्या कायद्यातच त्याला साऱ्या जनतेवरील गुलामगिरीची खूण म्हटले आहे, आणि कोणाही परक्याने कोणाच्याही घराची मनाला येईल तेव्हा झडती घ्यावी, हे त्याचे कारण दिले आहे. पुढे १६९६ मध्ये खिडक्यांवर कर आला, तेव्हा त्याची एक सोय अशी होती की खिडक्या बाहेरूनच मोजता येत. (लोकांनी मग खिडक्याच विटांनी बुजवल्या, तो कर १८५१ पर्यंत टिकला.) याउलट १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये कमाईवरील सर्वोच्च दर ८३ टक्के होता आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तो ९८ टक्क्यांपर्यंत जात असे, तरीही त्यापायी कोणाचा मताधिकार किंवा भाषणस्वातंत्र्य गेले नाही.

आडवाट:
साक्षेपी यांचा चुलीचा दाखला चपखल आहे, पण त्यावरून दराला निर्दोष ठरवणे मला पटत नाही. हंगेरीने सरकारी नोकरांच्या सेवासमाप्तीच्या भरपाईवर, ठरावीक मर्यादेपुढील रकमेला, ९८ टक्के कर लावला होता. सेवा संपुष्टात आलेल्या एका महिला कर्मचाऱ्याने दाद मागितली आणि २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या मालमत्तेच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. तिच्या एकूण भरपाईवरचा भार ५२ टक्के पडत होता, तर सर्वसाधारण प्राप्तिकर १६ टक्के होता. न्यायालयाने ९८ हा आकडा मुळातच निषिद्ध ठरवला नाही, करांबाबत राज्याला मोठी मोकळीक असते हेही मान्य केले. मात्र एका विशिष्ट गटावर, सावरायला पुरेसा अवधी न देता, इतरांच्या मानाने असह्य ओझे लादले गेले, हे त्याला खटकले. याचा अर्थ दर निर्णायक नसला तरी तो पुराव्यात मोजला जातो. एकाच गटासाठी तो जितका चढा, तितके त्याचे समर्थन सरकारने अधिक काटेकोरपणे करायला हवे, असे माझे मत आहे.

निमूट वाचक:
चर्चा प्राप्तिकराभोवतीच फिरते आहे. वस्तूंवरील कर किमतीत मिसळलेला असल्यामुळे आपण किती भरतो, हे अनेकांना कळतही नाही, आणि उत्पन्नाच्या प्रमाणात त्याची झळ गरिबालाच अधिक बसते. जो भार दिसतच नाही, त्याला विरोध तरी कसा करणार?

कुतूहल:
सर्वांचे आभार. तरी एक शंका उरते. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडमधील हक्कांच्या सनदेपासून संमतीशिवाय कर नको, असे तत्त्व सांगितले जाते. मग कायदेमंडळाने रीतसर संमती दिली की प्रश्न संपला, असे धरायचे का?

आडवाट:
नाही. हंगेरीचा कायदाही संसदेनेच संमत केला होता. बहुमताची संमती सगळ्यांवर सारख्याच पडणाऱ्या करापुरती पुरेशी मानता येईल, पण बहुमतात नसलेल्या मूठभरांवर रोखलेल्या कराला ती पुरत नाही. तिथे न्यायालय लागते. आणि न्यायालयाचा रस्ताही प्रत्यक्षात खुला हवा. कराच्या आकारणीला आव्हान देण्याआधी वादातली रक्कम किंवा तिचा मोठा हिस्सा भरावा लागतो, असा नियम अनेक करव्यवस्थांमध्ये आढळतो. चुकीची आकारणी झालेल्या छोट्या करदात्याजवळ ती रक्कमच नसेल, तर दर दहा टक्के असला काय आणि नव्वद असला काय, त्याचा अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

साक्षेपी:
या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझ्या मते दरांच्या तक्त्याआधी अपिलाचे नियम वाचावेत.