प्रसूतीआधीच दूध काढून साठवण्याचा सल्ला सरसकट द्यावा का?

कृष्णाकाठ :
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्येने लिहिले, की प्रत्येक गरोदर स्त्रीने आठवा महिना लागताच हाताने चिकाचे दूध काढून, ते सिरिंजमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवावे, आणि जी हे करत नाही तिला बाळापेक्षा स्वतःचा आराम प्यारा आहे. हे शेवटचे वाक्य नसते, तर मी लिहायला बसले नसते. ज्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील ६३५ स्त्रिया मधुमेह असलेल्या, परंतु अन्य कोणतीही मोठी गुंतागुंत नसलेल्या होत्या, आणि त्यांतील निम्म्यांना छत्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, फार तर दहा दहा मिनिटे दूध काढण्यास सांगितले होते. आठवा महिना लागतो तेव्हा छत्तीस आठवडे झालेले नसतात. स्तनाग्रे चोळली गेली की ऑक्सिटोसिन स्रवते, आणि गर्भाशय आकुंचन पावते तेही त्याच संप्रेरकामुळे. जिची वार खाली आहे, जिच्या गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आहे किंवा जिला वेळेआधीच कळा येऊन गेल्या आहेत, तिने हा सल्ला वाचून काय करावे?

दक्षिणवारा :
मी मेलबर्नमध्ये राहते आणि मला गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आईची साखर जास्त असली की पोटातले बाळ इन्शुलिन अधिक तयार करते. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र तेवढेच राहते आणि बाळाची साखर घसरते. माझ्या मुलीची घसरली, तेव्हा सुईणीने मी घरून नेलेले दूध सिरिंजने तिच्या गालात सोडले. आपण भीती घालता, पण त्याच अभ्यासात नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाळांचे प्रमाण दूध काढणाऱ्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्या गटात १४ टक्के होते, आणि पहिल्या चोवीस तासांत केवळ आईचेच दूध मिळालेली बाळे अनुक्रमे ६९ आणि ६० टक्के होती.

कृष्णाकाठ :
तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत ठळक फरक उरला नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळले.

माजघर :
येथे वीज किती वेळ जाते, याचा विचार मेलबर्नवाल्यांनी करू नये हे ठीक, पण आपण तरी करावा. गोठलेले दूध एकदा पूर्ण वितळले, की ते पुन्हा गोठवून ठेवता येत नाही. खरा प्रश्न तर निराळाच आहे. माझे सीझर झाले, मी शुद्धीवर होते, तरीही मला न विचारता माझ्या मुलाला पावडरचे दूध पाजण्यात आले, आणि पुढे तो अंगावर घ्यायला तयार होईना. पावडरच्या जाहिरातींवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे. परंतु आईची संमती न घेता वाटी-चमचा पुढे करणाऱ्यांना कोण अडवणार?

रात्रपाळी :
मी नवजात विभागात परिचारिका आहे, आणि हा आरोप आता ऐकवत नाही. बाळ थरथरत असते, साखर चाळिसाच्या खाली असते, आई शस्त्रक्रियागृहात असते आणि बाहेर नातेवाईक मधाचे बोट चाटवण्याच्या तयारीत उभे असतात. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दिलेले दूध साठवणारी पेढी, आहे; तशी पेढी प्रत्येक तालुक्यात आहे का? नसेल, तर मी काय पाजायचे?

माजघर :
विचारून पाजायचे, एवढेच माझे म्हणणे आहे. माझ्या बाळाची साखर कोणी तपासलीही नव्हती.

रात्रपाळी :
मग ते चुकलेच. मात्र एकीच्या अनुभवावरून सगळ्या परिचारिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. आणि मधाबद्दल आपण काहीच बोलला नाहीत.

माजघर :
मध माझ्या सासूबाईंनी चाटवला होता. त्यांच्याशी भांडायला आपण येणार असाल, तर पत्ता कळवते.

दक्षिणवारा :
मधावरून मूळ मुद्द्यावर यावे ही विनंती. आधी काढल्याने दूध संपते, असे कालच मला एका आजींनी बजावले. चीक गरोदरपणाच्या मध्यापासूनच तयार होत असतो. भरपूर दूध उतरते ते वार पडून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरल्यावर. थोडे काढल्याने काही संपत नाही.

कृष्णाकाठ :
आणि आधी काढल्याने ते पुढे दुप्पट येते, असेही नाही. तो दावासुद्धा त्या सदस्येच्या पोस्टमध्ये होता. मधुमेह असलेल्या, अन्यथा सुरक्षित गर्भारपण असलेल्या स्त्रीने, छत्तिसाव्या आठवड्यानंतर, आपल्या डॉक्टरांना विचारून दूध काढावे, एवढे मी मान्य करते. मेलबर्नहून आलेले प्रमाणपत्र मिळाले, असे समजावे. परंतु जिला पिळून पिळून दोनच थेंब येतात, आणि त्यावरून आपल्याला दूधच येणार नाही अशी धास्ती जी घेते, तिचे काय? माझ्या धाकट्या जावेने त्या धास्तीपायी प्रसूतीआधीच पावडरचा डबा आणून ठेवला होता.

रात्रपाळी :
त्या वेळी दोन थेंब येणे, किंवा काहीच न येणे, यावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवे होते. ज्या काढणार आहेत त्यांनी प्रत्येक सिरिंजवर स्वतःचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी, ती बर्फाच्या पेटीतून आणावी आणि आपले रुग्णालय असे दूध स्वीकारते का, हे आधीच विचारून घ्यावे. नाव नसलेली सिरिंज मी तरी कोणत्याही बाळाच्या तोंडाला लावणार नाही, मग कोणी कितीही रागावो.