अनुभव धागा : लांब राइडला मान धरते? तुम्ही काय बदललंत?

थंडी पडली की इंदूरहून पहाटे उज्जैन, महू, ओंकारेश्वरच्या वाटेला लागणारे सायकलवाले वाढतात आणि मान धरल्याच्या तक्रारीही. मलमं सगळ्यांना ठाऊक आहेत. सायकलीत किंवा बसण्यात काय बदलल्यावर फरक पडला, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. सांवेरपर्यंत मजेत जायचे, पुढे खांद्यापासून कानामागपर्यंत शीर ओढली जायची. हँडल सीटपेक्षा बरंच खाली होतं. पाठ जितकी आडवी, तितकी समोर बघायला मान मागे मोडावी लागते. मेकॅनिकनं स्टेम (हँडलला सायकलीशी जोडणारा आखूड दांडा) उलटा लावून दिला : ६ अंश खाली झुकणारा आता ६ अंश वर. १०० मिमीच्या स्टेमला एवढ्यानं हँडल साधारण २ सेंमी वर येतं, नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. उज्जैनला उतरल्यावर मान दोन्हीकडे वळत होती, याचा आनंद काय सांगू!

रामबाग
ताई, छान धागा. मी साठीची, चष्मेवाली. घामानं चष्मा घसरला की त्याची वरची कड नजरेच्या आड येते, मग हनुवटी आपोआप वर जाते. तासन् तास तसंच. चष्म्याला मागून दोरी लावली, हेल्मेटचा पुढचा छज्जा काढून टाकला. डोळे वर फिरवायला जागा मिळाली की मान वर करावी लागत नाही.

सुदामानगर
कोपरं मोकळी ठेवा! ताठ हातांनी प्रत्येक खड्डा थेट मानेत येतो.

विजयनगर
काकू, छज्जा आजच काढतो.
माझं दुखणं सीटमध्ये निघालं. तिचं नाक खाली झुकलेलं, म्हणून मी सारखा पुढे घसरायचो, हातांवर भार, खांदे कानांना चिकटलेले. सीटवर सपाट फळी, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून सीट समतल केली. भार बुडावर आला, खांदे उतरले.
भेरूघाटाच्या उतारावर ड्रॉप्स (हँडलची खाली वळलेली टोकं) धरले की मान सगळ्यात जास्त मोडते. घाट संपताच हात वर आणतो, हनुवटी मागे ओढून दुहेरी करतो, मग खांदे मागे फिरवतो.

महू
ब्रेव्हेवाल्यांसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्यांसाठी. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, तेव्हा चहाला थांबलात की मानही मोकळी करा. फार लांबच्या शर्यतींत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलतच नाही. १९८३ च्या 'रेस अक्रॉस अमेरिका'त मायकल शर्मरचं तसं झालं, म्हणून त्याला 'शर्मर्स नेक' म्हणतात.
भिया लोक, दुखणं दंडात उतरलं, बोटं बधिर राहिली किंवा हातातला जोर गेला, तर स्टेम-सीट राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

रामबाग
विजयनगर, ती फळी सीटच्या पूर्ण लांबीची हवी ना? माझ्या सीटला मध्ये खोलगट खाच आहे.

विजयनगर
हो काकू, पुढून मागपर्यंत. जाड पुठ्ठ्याची वहीसुद्धा चालते.