ई-२०ला नावं ठेवणारे शेतकऱ्याच्या मुळावर उठलेत का?

ऊसपट्टा (धागाकर्ता)
जो उठतो तो ई-२०ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) गाडीची वाट लावली म्हणून बोंब मारतो. शहरात बसून मायलेज मोजणाऱ्यांनी जरा कारखान्याचा हिशेब बघावा. २०१९ला साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरला, तेव्हा एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) क्विंटलला २७५ होती. २०२५-२६ला ती ३५५ झाली. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लगेच येतात, म्हणून आमची बिलं निघतात. ब्राझीलने १९७५पासून हाच रस्ता धरला, आज ते ३० टक्के मिसळतात. तेल आयातीचं बिल कमी व्हायला नको असलेल्यांनीच ई-२०ला विरोध करावा.

जुनागाडीवाला
शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. पैसे मोजून पेट्रोल भरणारा माणूस काय देशद्रोही आहे का?

ब्राझीलची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथे २००३पासून फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्या मिळतात आणि पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळ्या भावाने मिळतं. पेट्रोलच्या साधारण ७० टक्क्यांच्या आत भाव असेल तरच तिथला माणूस ते भरतो, कारण लिटरमागे ऊर्जा जवळपास एक तृतीयांश कमी असते. आपल्याकडे पाचवा हिस्सा इथेनॉल आणि भाव मात्र पूर्ण पेट्रोलचा. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या, ई-१०ला जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्के घटेल, दुचाकीचं ३-४. ही घट कोणाच्या खिशातून जाते?

माझी गाडी २०१६ची. ई-२०ला टिकणारं रबर आणि गॅस्केट एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत आलं. पावसाळ्यात आई आजारी होती म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहिली, नंतर सुरूच होईना. टाकीच्या तळाशी पाणी निघालं, पंप बदलावा लागला. सर्वोच्च न्यायालयात जी याचिका १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली गेली, तिची मुख्य मागणी ई-० (बिनमिश्रणाचं पेट्रोल) पण विकायला ठेवा ही होती. एवढंही मागायचं नाही?

गॅरेजवाला_सांगली
कार्ब्युरेटर साफ करायला येणाऱ्या जुन्या दुचाक्या माझ्याकडे वाढल्यात, हे खरं आहे. नळ्या कडक होतात, हेही बघतोय. पण वर्षानुवर्षं फिल्टर न बदललेला माणूससुद्धा हल्ली इथेनॉललाच शिव्या देतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि इथेनॉल पाणी ओढतं.

ऊसपट्टा
@जुनागाडीवाला, ब्राझीलमध्येही बिनमिश्रणाचं पेट्रोल पंपावर मिळत नाही, ते सोयीस्कर गाळलंत. पंप बदलला त्याचं वाईट वाटलं. पण बिल थकलं की आमच्याकडे पोराची फी थांबते. १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा १९६६चा आहे. तो किती पाळला जातो ते आम्हाला विचारा.

कोरडवाहू
तुम्हा दोघांच्या भांडणात आमचं नाव कोणी घेत नाही. तुमचं इथेनॉल आता नुसतं उसाचं राहिलेलं नाही. मका आणि तांदूळ डिस्टिलरीत जातो, त्याचा डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला धान्याचा चोथा) स्वस्तात बाजारात येतो, आणि पोल्ट्रीवाला सोयापेंड सोडून तो घेतो. पेंड उठली नाही तर सोयाबीनला कोण विचारणार? २०२४ला हमीभाव क्विंटलला ४८९२ होता. मी मोंढ्यात ४१००ने घातलं, कारण खरेदी केंद्रावरून ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवला होता. ट्रॅक्टरचं भाडं गेलं ते वेगळंच.

ऊसपट्टा
सोयाबीन पडायला आयात तेल जबाबदार आहे. मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २०वरून १० टक्क्यांवर आणलं, तेव्हा कुठे होतात? आणि मक्याला भाव आला तो इथेनॉलमुळेच. मका तुमच्याच भागात पिकतो ना?

कोरडवाहू
शुल्क उतरवलं ते चुकलंच, त्यावरही बोललोय. पण मी २०२४चा भाव सांगतोय, तुम्ही २०२५चं शुल्क दाखवताय. आणि मका कोणाच्या रानात? ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या. आता पाण्याचं बोलायचं तर २०१६ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं. आम्ही घागरी घेऊन रांगेत उभे होतो आणि त्याच मराठवाड्यात उसाला पाटाचं पाणी चालू होतं. वर उल्लेख आलेल्या नीती आयोगाच्या अहवालातच एक लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी धरलंय. याला स्वच्छ इंधन म्हणता?

ऊसपट्टा
ते पाणी उसाला लागतं. बी-हेवीपासून (थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीपासून) इथेनॉल केलं म्हणून उसाचं एक कांडंही जास्त लागत नाही. ऊस बंद करा म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

कोरडवाहू
मराठवाड्यात बंद करा. म्हटलं सरळ.

एसटीची_प्रवासी
तुमचं सगळं भांडण आपापल्या गाडीच्या टाकीवरून आहे. स्वच्छ वाहतूक म्हणजे आधी एसटी. १ जून २०२२ला पुणे-नगर 'शिवाई' ही इलेक्ट्रिक एसटी धावली तेव्हा वाटलं होतं, तालुक्याच्या गाडीतला धूर आता थांबेल. ५१५० इलेक्ट्रिक बसचा करार झाला आणि गाड्या येतात थेंबाथेंबाने. मी रोज शाळेला जाते ती एसटी घाटात अजून काळा धूर सोडते, मुली खिडकीशी रुमाल धरून बसतात. आधी आगारात चार्जर बसवा, मग सांगा ई-२० की ई-३०.

जुनागाडीवाला
ताई, वीजही चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचीच. पण घाटातल्या धुराचं पटलं. गावातून तेवढा तरी जाईल.

@ऊसपट्टा, एक सांगा. इथेनॉल शेतकऱ्यासाठी आहे ना? मग ७ डिसेंबर २०२३ला सरकारने एका आदेशात उसाच्या रसापासून इथेनॉल का बंद केलं? साखर महागू नये म्हणून. तेव्हा शेतकरी आठवला नाही?

ऊसपट्टा
तो निर्णय वाईटच होता. आमच्या कारखान्याने कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली आणि ऐन हंगामात हात बांधले. ऑगस्ट २०२४ला बंदी उठली, व्याज कोणी परत केलं नाही. ई-२० लिटरमागे काही रुपये स्वस्त द्या, माझी हरकत नाही. पण ते पैसे करातून सोडा, इथेनॉलच्या खरेदी दरातून कापू नका.

जुनागाडीवाला
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एवढं टंकावं लागलं नसतं. करकपातीला माझा पाठिंबा. ई-०ची मागणी मात्र सोडत नाही.

ऊसपट्टा
ई-० ठेवायला वेगळ्या टाक्या, वेगळे टँकर लागतील. तो खर्च जुन्या गाडीवाल्यांनी द्यावा. @कोरडवाहू, डीडीजीएससाठी वेगळा धागा काढा, इथे मुद्दा भरकटतोय.

कोरडवाहू
वेगळा का म्हणून? धाग्याच्या नावात 'शेतकरी' लिहिलंय तुम्ही, 'ऊस उत्पादक' नाही. डिस्टिलरीला मका द्यायचा तर डीडीजीएस सोयापेंडीच्या बाजारात येतो तेवढ्या प्रमाणात सरकारने सोयाबीन हमीभावाने उचलावं. याला तुमचा पाठिंबा आहे की नाही, तेवढं लिहा.