शर्यतीत पडल्यावर: हात द्यायचा की पळत सुटायचं?

लाल माती
ऑलिंपिकमधल्या पडापडीच्या क्लिप्स व्हॉट्सॲपवर फिरत राहतात आणि खाली टाळ्या, हात जोडलेले, एवढ्यावरच विषय संपतो. त्यातल्या एका प्रसंगावर मला नीट बोलायचं आहे.

१६ ऑगस्ट २०१६, रिओ. महिलांच्या ५००० मीटरची दुसरी हीट, म्हणजे फायनलआधीची प्राथमिक शर्यत. साधारण तीन किलोमीटर झालेले, घोळका अजून दाट. न्यूझीलंडची निकी हॅम्ब्लिन पडली आणि तिच्या मागोमाग असलेली अमेरिकेची ॲबी डॅगोस्टिनो तिच्यात अडकून आडवी झाली. ॲबी आधी उठली. निकी अजून ट्रॅकवरच होती. ॲबी वाकली, तिला हात लावला आणि म्हणाली, ऊठ, आपल्याला शर्यत पूर्ण करायची आहे. (हे निकीनेच नंतर सांगितलं.) दोघी पळू लागल्या तर ॲबीचा गुडघा साथ देईना, ती पुन्हा खाली बसली. मग निकी थांबली आणि तिला धीर देत राहिली. दोघींची आधी ओळखही नव्हती. निकी १६:४३ मध्ये आली, ॲबी १७:१० मध्ये, सगळ्यांत शेवटी. तिला व्हीलचेअरवरून बाहेर न्यावं लागलं. या दोघींना, आणि त्याच गोंधळात सापडलेल्या ऑस्ट्रियाच्या जेनिफर वेंथला, पंचांनी फायनलमध्ये घेतलं.

हे कौतुक रास्तच आहे आणि फायनलचा निर्णयही योग्यच होता, असं माझं मत आहे. पडलेल्याला उभं करणं हे शर्यतीच्या बाहेरचं काम नाही. जागतिक ॲथलेटिक्सचा नियमसुद्धा ते मान्य करतो: दुसऱ्या धावपटूचा टेकू घेऊन पुढे गेलात तर बाद, पण उभं राहायला हात घेतला तर चालतो. नियम करणाऱ्यांनी एवढी फट मुद्दाम ठेवली आहे. तुम्हाला काय वाटतं?

तिसरी लेन
लाल माती, प्रसंग मोठा आहे, त्यात वाद नाही. पण त्याला खिलाडूपणाचा मापदंड करू नये. धावपटू चार वर्षं राबतो ते पळण्यासाठी. पडल्यावर त्याचं पहिलं काम म्हणजे उठणं आणि पुढे गेलेला घोळका गाठणं.

म्युनिक, ३ सप्टेंबर १९७२, १०,००० मीटरची फायनल. शर्यत निम्म्यावर येत असताना फिनलंडचा लासे विरेन पडला आणि त्याच्यात अडकून ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी कोसळला. गमूदी म्हणजे आधीच्या मेक्सिको ऑलिंपिकमधला ५००० मीटरचा सुवर्णविजेता, कोणी ऐरागैरा नव्हे. विरेन उठला, घोळका गाठला आणि २७:३८.४ असा विश्वविक्रम करून जिंकला. गमूदीही उठला, थोडा पळाला आणि त्याने शर्यत सोडली. विरेनने मागे वळून त्याला हात दिला नाही. म्हणून तो कमी खिलाडू ठरतो का?

टोकियोत २ ऑगस्ट २०२१ ला नेदरलँड्सच्या सिफान हसनचं बघा. १५०० मीटरच्या हीटमध्ये शेवटची फेरी सुरू होताना केनियाची एडिना जेबिटोक पुढ्यात पडली, हसन तिच्यावर. ती उठली तेव्हा शेवटची होती. एका फेरीत सगळ्यांना मागे टाकून तिने ती हीट ४:०५.१७ मध्ये जिंकली आणि त्याच संध्याकाळी ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं. जिद्द म्हणतात ती हीच. जेबिटोककडे तिने पाहिलंही नसेल, आणि पाहायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे फायनल. तुम्ही योग्य म्हणता त्या निर्णयाने १५ जणींच्या फायनलला १८ जणी झाल्या. गुडघा दुखावल्याने ॲबी आलीच नाही, निकी सतरावी, म्हणजे शेवटची आली. ती फायनल व्हिव्हियन चेरुइयोटने जिंकली, हे व्हॉट्सॲपवर कोणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

माणदेशी
तिसरी लेन, फायनलमध्ये गर्दी झाली म्हणताय ना? मग दोहा २०१९ आठवा. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आपला पोरगा, जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या हीटमध्ये. ज्यांनी ही शर्यत जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: यातले अडथळे ११० मीटर हर्डल्ससारखे धक्का लागल्यावर पडत नाहीत. जाड लाकडी तुळई असते, ९१.४ सेंटीमीटर उंच, जागची हलत नाही. २८ वेळा ती ओलांडायची, वर सात वेळा पाण्याची उडी. लय एकदा तुटली की पुढच्या तुळईला पाऊल चुकीच्या जागी येतं, मग तिच्या पुढच्यालाही. अविनाशची लय इथिओपियाच्या ताकेले निगातेच्या पडण्याने मोडली, तीसुद्धा एकदा नाही, दोनदा. तो अक्षरशः थबकला, वाट काढली आणि पळत राहिला. हीटमध्ये सातवा आला, वेळ ८:२५.२३. फायनल हुकली. आणि तरी ही वेळ राष्ट्रीय विक्रमाची होती!

भारताने दाद मागितली. चित्रण तपासलं गेलं, अडथळा झाला हे मान्य झालं आणि त्याला जादा धावपटू म्हणून फायनल मिळाली. त्या फायनलमध्ये तो तेरावा आला, पण ८:२१.३७ मध्ये. टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ होती ८:२२.००. तुम्ही ज्याला गर्दी म्हणताय, त्या एका जागेने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातला पोरगा ऑलिंपिकला गेला. त्यानंतरचं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य आणि हांगझोउच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण सगळ्यांना पाठ आहे.

आता यातली माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट. ज्याला अडथळा झाला त्याला पुढच्या फेरीत घ्यायचं असेल तर त्याने साधारणपणे शर्यत प्रामाणिक प्रयत्न करून पूर्ण केलेली असावी, असं नियमातच लिहिलंय. अविनाश वैतागून ट्रॅकबाहेर गेला असता तर दाद मागायला हातात फारसं काही उरलं नसतं. रिओत त्या दोघींनाही हेच लागू होतं. उठून पळणं म्हणजे नुसतं भावनेचं काम आहे असं कोणी म्हणू नये. तो तुमचा पुरावा असतो.

सांधेजोड
मी फिजिओ आहे, खेळाडूंचे गुडघे रोज बघते. तुम्हा तिघांचंही एका बाबतीत मला पटत नाही. उठून पूर्ण करणं चांगलंच, हे तुम्ही सगळ्यांनी धरून चाललेलं आहे.

ॲबी डॅगोस्टिनोचा पुढचा क्रूशिएट लिगामेंट फाटला होता, मेनिस्कसलाही इजा होती. त्या गुडघ्यावर ती उरलेल्या सगळ्या फेऱ्या पळाली. हा लिगामेंट मांडीच्या हाडाखाली पायाचं हाड पुढे सरकू देत नाही. तो गेला की गुडघा मध्येच दगा देतो, आणि दर वेळी दगा देताना आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, आणखी चिरडली जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्पर्धेत उतरायला नऊ महिने, वर्षसुद्धा जातं. तिचा निर्णय तिचा होता आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याचा धडा करून शाळेतल्या मुलांपुढे ठेवू नका.

डेरेक रेडमंडची क्लिपही तशीच वापरली जाते. बार्सिलोना १९९२, ४०० मीटरची सेमीफायनल, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचा स्नायू फाटला, सुरक्षारक्षकांना बाजूला सारून वडील जिम आत आले आणि लेकाला धरून शेवटपर्यंत नेलं. बापाने काय केलं ते बघा: लेक लंगडी घालत निघाला होता, त्याला त्याने आधार दिला. मला त्यात एकट्याने सोसू न देणं दिसतं. लोकांना मात्र दुखणं सहन करणं दिसतं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. शालेय स्पर्धेत वळणावर पाय मुरगळून पडली. कडेला उभे असलेले सर ओरडत होते, ऊठ, सोडायचं नाही. तिने ८०० मीटर पूर्ण केले. पुढचं सगळं वर्ष घोट्यात गेलं. तिला सोडायचा हक्क आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

अविनाशचंही पुढचं सांगायला हवं. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाण्याच्या उडीला पडला. शर्यत अर्धवट सोडली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तिथे थांबला म्हणून तो दोह्याच्या अविनाशपेक्षा लहान झाला का?

लाल माती
सांधेजोड ताई, मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मान्यच आहे, आणि खेळाने रेषा कुठे ओढली आहे ते त्याला धरूनच आहे. रेडमंडची ती शर्यत अधिकृत नोंदीत पूर्ण धरली गेली नाही. दोह्यात २०१९ लाच ५००० मीटरच्या हीटमध्ये अरुबाचा जोनाथन बस्बी शेवटच्या फेरीत कोलमडत होता. गिनी-बिसाऊच्या ब्राइमा सुंकार दाबोने त्याला काखेत धरून रेषेपार नेलं. दाबोला त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला, बस्बी मदत घेतली म्हणून बाद झाला. मला हे दोन्ही एकाच वेळी बरोबर वाटतं.

तिसरी लेन, तुमच्या विरेनसमोर मी जॉन लँडी ठेवतो. मेलबर्न, मार्च १९५६, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेतली मैलाची शर्यत. तिसऱ्या फेरीत १९ वर्षांचा रॉन क्लार्क पडला. लँडी तेव्हाचा मैलाचा विश्वविक्रमवीर. क्लार्कवरून उडी मारताना त्याच्या स्पाइक्स, म्हणजे बुटाचे खिळे, त्या पोराच्या दंडाला लागल्या. तो थांबला, मागे आला, विचारपूस केली. क्लार्कने पळ म्हटल्यावर पळाला आणि ४:०४.२ मध्ये जिंकला. मेलबर्नमध्ये त्या क्षणाचा पुतळा आहे. माणुसकी आणि जिंकणं, दोन्ही एका शर्यतीत बसू शकतं.

तिसरी लेन
बसलं, कारण लँडी बाकीच्यांपेक्षा तेवढा सरस होता. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये थांबलेला माणूस जिंकत नाही. आणि माझी खरी धास्ती वेगळी आहे. आज आपण थांबणाऱ्याचं कौतुक करतो, उद्या न थांबणाऱ्याला शिव्या देतो. पॅरिसला २०२४ च्या स्टीपलचेस फायनलमध्ये शेवटच्या फेरीत लामेचा गिर्मा अडथळ्याला धडकून डोक्यावर पडला, निपचित. विश्वविक्रम त्याच्या नावावर, ७:५२.११. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. बाकीचे पळत राहिले, आपला अविनाशही, तो अकरावा आला. त्यातल्या एकालाही कोणी दगडाच्या काळजाचा म्हणू नये. डॉक्टर ट्रॅकच्या कडेलाच असतात. शर्यत पळणाऱ्याने पळावी.

उलट्या हाताने
थांबायचं की नाही यावर इतकं बोललात. मला वाटतं खिलाडूपणाची खरी कसोटी शर्यत संपल्यानंतर लागते, आणि त्यात प्रेक्षकही धरायला हवेत.

लॉस एंजेलिस, १० ऑगस्ट १९८४, महिलांची ३००० मीटर फायनल. यजमानांची लाडकी मेरी डेकर, जगज्जेती. समोर झोला बड, वय १८, दक्षिण आफ्रिकेची, घाईघाईने ब्रिटिश पासपोर्ट मिळालेली, अनवाणी पळणारी. निम्म्याच्या थोडं पुढे दोघींचे पाय एकमेकींत आले. मेरीच्या स्पाइक्सनी झोलाच्या पायातून रक्त निघालं, मेरी आतल्या गवतावर कोसळली ती उठलीच नाही. पुढे सगळं स्टेडियम त्या १८ वर्षांच्या मुलीची हुर्यो करत राहिलं. ती पळत होती आणि हजारो लोक तिच्या नावाने ओरडत होते. ती सातवी आली. पदक घेतलं तर या लोकांसमोर पोडियमवर उभं राहावं लागेल, या भीतीने आपण वेग कमी केला, हे तिने पुढे स्वतः सांगितलं. आत बोगद्यात ती मेरीची माफी मागायला गेली तर मेरीने तिला झिडकारलं. पंचांनी झोलाला आधी बाद ठरवलं, मग चित्रण पाहून निर्णय फिरवला. सुवर्ण नेलं रोमानियाच्या मारिचिका पुइकाने.

मेरीच्या रागाला मी नावं ठेवत नाही. तिचं स्वप्न सगळ्यांदेखत गवतावर पडलं होतं. पण त्या गर्दीला मी माफ करू शकत नाही.

त्या शर्यतीच्या जोडीला टोकियोची ८०० मीटर सेमीफायनल ठेवा. बोत्स्वानाचा नायजेल एमॉस आणि अमेरिकेचा आयझाया ज्युएट एकमेकांत अडकून पडले. उठले, एकमेकांना हात दिला, खांद्यावर हात टाकून सगळ्यांच्या मागून रेषेपर्यंत आले. नंतर एमॉसला फायनल मिळाली, ज्युएटला नाही. हात दिला तेव्हा यातलं काहीच दोघांना माहीत नव्हतं.

माणदेशी
उलट्या हाताने, हुर्यो आपल्याकडेही होते हो. तालुक्याच्या स्पर्धेत ‘त्याने पाडलं, त्याने पाडलं’ म्हणत पालक मैदानात घुसतात आणि पडलेलं पोर बाजूलाच राहतं. म्हणून एक कामाचं सांगतो, कारण हे कित्येक क्रीडाशिक्षकांनाही ठाऊक नसतं. धक्का लागून तुमचं पोर मागे पडलं तर भांडायचं नाही, सरळ रेफ्रीकडे जायचं. प्रोटेस्ट आधी तोंडीच करायचा असतो. खेळाडू स्वतः करू शकतो किंवा त्याच्या वतीने दुसरं कोणीही. निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत. रेफ्रीचा निर्णय पटला नाही तर ज्युरीकडे लेखी अपील. मोबाइलवर चित्रण असेल तर दाखवा, बघायचं की नाही ते रेफ्री ठरवतील.

सांधेजोड ताई, दुखापत झालेल्या पोराला पूर्ण कर म्हणून मीही सांगणार नाही. पण ज्याला नुसता धक्का लागलाय, त्याला हा नियम आधीच माहीत असला तर तो रडत बाहेर जाणार नाही, एवढंच.

सांधेजोड
हे पटलं. फक्त एक भर घाला: पडलेलं मूल उठून पळायला लागलं तरी पुढच्या शंभर मीटरमध्ये त्याच्या पावलांकडे बघा. एक पाय टेकवायला कचरत असेल, गुडघा आत वळत असेल, तर कडेने हाक मारून थांबवा. प्रोटेस्टचं काय ते नंतर बघता येईल.